हळदीला नेलेला ड्रम

मित्रांनो, मी एक जुना ड्रम आहे. लोखंडाचा, दोनशे लिटरचा, कमरेला दोन कडी आणि उजव्या कुशीला एक मोठा पोचा. शिकलेली माणसं मला पिंप म्हणतात. म्हणोत बापडी. आमच्या गावात मला सगळे 'डरम' म्हणतात आणि त्याच नावाने मी ओ देतो. ड्रमला कसली आली गोष्ट, असं तुमच्या मनात आलं असेल. अहो, आलीय खरी. नसती आली तर फार बरं झालं असतं.

उरणच्या खाडीकाठचं आमचं गाव. नाव सांगणार नाही, कारण गावाची बदनामी करायची नाही मला. गाव वाईट नाही हो. जे झालं ते वाईट माणसांनी केलंच नाही, आणि म्हणूनच मला अजून राग कुणावर काढावा ते कळत नाही.

माझा जन्म तळोज्याकडच्या एका कारखान्यात झाला. पत्रा गोल वळवला, बूड ठोकलं, झाकण बसवलं, वरून निळा रंग फासला. त्या दिवशी मी काय ऐटीत होतो म्हणून सांगू! मग माझ्यात यंत्राचं तेल भरलं आणि बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात पाठवलं. तेल संपलं आणि माझा रुबाबही संपला. गरज सरो, वैद्य मरो. मला कुंपणाबाहेरच्या भंगारात लोटून दिलं. कुशीतला पोचा तेव्हाचा.

तिथून मला उचललं येसूबाईने. येसूबाई मिठागरावर काम करायची. हात खरखरीत, जीभ त्याहून खरखरीत. तिने माझं झाकण कापून घेतलं, मला राखेने घासलं आणि मिठागराच्या बांधावर नेऊन उभं केलं. पिण्याचं पाणी माझ्यात कधी भरलं नाही, कारण तेलाचा वास काही केल्या जाईना. पण मिठाचं पाणी पायांना चिरा पाडतं. दिवसभर त्यात उभं राहिलेल्या बाया संध्याकाळी माझ्यातलं गोडं पाणी पायांवर ओतायच्या आणि 'आय गं' म्हणायच्या. तो आवाज ऐकला की वाटायचं, आपण कामाचे आहोत.

येसूबाई नुसती मिठागरवाली नव्हती. ती धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात धवलारणीच्या गाण्याशिवाय मांडव उभा राहत नाही की नवऱ्याला हळद लागत नाही. तिचा आवाज चांगला होता आणि ते तिला चांगलंच ठाऊक होतं. लग्न कुणाचंही असो, भाऊबंदकी असो की वैर असो, ती गायला जायची.

पुढे मिठागरं भरावाखाली गेली. त्यांच्यावर कंटेनर ठेवायची यार्डं झाली. गावातल्या पोरांनी जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या पैशांतून ट्रेलर घेतले, ज्यांना घेता आले नाहीत ते दुसऱ्यांच्या ट्रेलरवर ड्रायव्हर झाले. येसूबाईचा मुलगा धर्माही ड्रायव्हर झाला. आणि मी? मी येसूबाईच्या घरामागे आडवा पडलो. पावसाचं पाणी साठायचं, त्यात डासांची शाळा भरायची. कोंबड्या माझ्यावर बसून घाण करायच्या. मला कुणी विचारत नव्हतं.

विचारायची ती फक्त कल्पिता, धर्माची मुलगी. लहान होती तेव्हा माझ्यात शिरून 'कू' करायची आणि आपलाच आवाज मोठा झालेला ऐकून खिदळायची. मोठी झाली, आठवीत गेली, आणि तिला सायकल मिळाली. हायस्कूल शेजारच्या गावात, मोठ्या रस्त्याच्या नाक्यापलीकडे. मकसूदभाईंची झोया तिच्या वर्गात. दोघी रोज जोडीने निघायच्या.

मकसूदभाईंचं नाक्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. बरीच वर्षं कुवेतला राहून आलेला माणूस. कल्पिताची सायकल त्यांनीच जुन्या दोन सायकलींचे भाग जोडून तयार केली होती. तिचा ब्रेक ते दर आठवड्याला स्वतः तपासायचे.

आता आमच्या रस्त्याचं सांगतो. नाक्यावर बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरची रांग लागली की ड्रायव्हर लोक गावातल्या रस्त्याने घुसतात आणि पलीकडे निघतात. रस्ता केवढा, ट्रेलर केवढे! बाजूला घरांचे ओटे, मध्ये कुत्री, म्हातारी माणसं, शाळेची पोरं. एके दिवशी असाच एक ट्रेलर कल्पिताला घासून गेला. ती सायकलसकट गटारात पडली. गुडघे फुटले, एवढंच. तिच्या आईने, जागृतीने, त्याच दिवशी सायकलला कुलूप घातलं आणि चावी कमरेला खोचली.

"शाळा बंद झाली तरी चालंल, पन या रस्त्यानं सायकल न्हाय," ती म्हणाली.

कल्पिता दोन दिवस जेवली नाही. माझ्या पाठीवर बसून रडत होती. व्हॅनला पैसे नव्हते, चालत जायला वेळ पुरत नव्हता. सायकल बंद म्हणजे शाळा बंद, एवढं साधं गणित होतं ते.

जागृती गप्प बसणारी बाई नव्हे. ती मकसूदभाईंकडे गेली. दोघांनी मिळून ठरवलं की गावच्या तोंडाशी ड्रम लावून वाट अरुंद करायची, म्हणजे ट्रेलर आत शिरणारच नाहीत. आणि रस्त्याच्या एका कडेला चुन्याची रेघ मारून, ड्रम ठेवून पोरांना सायकलची वाट करायची. गावात हे बोलणं पसरलं आणि भांडणं सुरू झाली. काय ती भांडणं! नळावर, देवळात, किराणा दुकानात, जिथे जाल तिथे सायकलची वाट. सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले.

ग्रामसभेला मीही होतो, कारण 'असा डरम' म्हणून दाखवायला जागृतीने मला गडगडत तिथे नेलं होतं. सगळ्यांत जास्त विरोध प्रज्योतचा. प्रज्योत येसूबाईचा शेजारी, तरणा पोरगा, नुकतंच लग्न ठरलेलं, स्वतःचे दोन ट्रेलर. धर्मा त्याच्याच ट्रेलरवर ड्रायव्हर.

"आमच्या जमिनी गेल्या, मिठागरं गेली," प्रज्योत उभा राहून म्हणाला, "मंग ट्रेलर घेतले. आता ट्रेलर पन दारात आनायचा न्हाय? भाईर उभा केला तर लोक डिझेल काढून नेतात. ते काय सायकलवाले भरून देनार?"

त्याचं खोटं नव्हतं. डिझेल चोरीला जातं, हे सगळ्या गावाला माहीत आहे. दुसऱ्या कुणी विचारलं, ॲम्ब्युलन्स कशी येणार? तिसऱ्याने विचारलं, दुकानात माल कसा येणार? मकसूदभाई टेप घेऊनच आले होते. ॲम्ब्युलन्स जाईल, टेम्पो जाईल, फक्त ट्रेलर जाणार नाही एवढी फट ठेवू, असं त्यांनी समजावलं. तरी गलका थांबेना. तेव्हा मागून धर्मा उठला. समोर मालक होता, त्याच्याकडे न बघता तो बोलला.

"मी ट्रेलर चालवतो. वर बसलो का डाव्या अंगाची सायकल माना दिसत न्हाय. माझी सोताची पोर असली तरी दिसनार न्हाय."

 मग पंचायतीने सांगितलं, तात्पुरतं करून बघा, त्रास वाटला तर काढून टाकू.

आणि मित्रांनो, माझे दिवस फिरले! मला धुतलं, पांढरा रंग दिला, लाल पट्टा ओढला, पोटात गळ्यापर्यंत वाळू भरली आणि गावच्या तोंडाशी पहिल्या मानाच्या जागेवर उभं केलं. घराघरांतून असेच ड्रम आले. त्यांच्यामधून दोरी ओवली, दोरीला लाल चिंध्या बांधल्या. पहिल्याच सकाळी एक ट्रेलर आला, माझ्यासमोर थांबला, हॉर्न वाजवला. मी हललो नाही. वाजव म्हटलं किती वाजवतोस ते. शेवटी तो मागे फिरला. एवढं मोठं धूड माझ्यासमोर मागे फिरलेलं बघून मला माझाच अभिमान वाटला.

जागृतीने सायकलचं कुलूप काढलं. कल्पिता आणि झोया चुन्याच्या रेघेच्या आतून, गप्पा मारत, बिनधास्त जायच्या. जाताना कल्पिता मला हाताने टपली मारायची. हळूहळू आणखी पोरं सायकली काढू लागली. म्हातारी माणसंही त्याच वाटेने चालू लागली. एक मासळीवाली तर म्हणाली, "माझी पाटी आता न घाबरता नाक्याला जाते." कुरकुर चालूच होती, प्रज्योत माझ्याकडे बघून दात खायचाच, पण मला कुणी हात लावला नाही. मला वाटलं, आता जन्मभर इथेच.

मग प्रज्योतचं लग्न आलं.

तुम्हाला आमच्याकडची हळद माहीत आहे का? लग्नापेक्षा हळद मोठी असते आमच्यात. गावच्या गाव जेवायला. बेंजो, नाच, मटणाच्या टोपांवर टोप. आणि एवढ्या माणसांना, एवढ्या भांड्यांना पाणी लागतं. गावात नळ एक दिवसाआड. म्हणून हळद असली की घरोघरचे ड्रम मांडवात जातात. ही आमची रीत आहे. हळदीला मागितलेल्या वस्तूला नाही म्हणायचं नसतं. दुश्मनाने मागितली तरी नाही.

हळदीच्या दिवशी दुपारी प्रज्योत येसूबाईच्या दारात आला. मान खाली. इतके महिने त्या घराची पायरी त्याने चढली नव्हती.

"आजी, डरम कमी पडतात. रस्त्यावरचे नेऊ का? पयला डरम तुझ्या घरचा, तवा तुझा शब्द. लगीन उरकलं का परवा सकाळी मी सोता आनून लावतो."

येसूबाईचा चेहरा एकदम खुलला. पोरगा स्वतःहून आला होता. भांडण मिटत होतं.

"ने रं बाबा. हलदीला न्हाय कोन म्हनतं?"

जागृती आतून बाहेर आली. "दोन दिस पोरी कुठून जातील, आय?"

"गो, दोन दिसांत काय व्हतंय? आनि नको म्हनलीस तर लोक काय म्हनतील? लग्नात पन खोडा घातला, असंच ना?"

 जागृतीचा जीव होत नव्हता, हे सगळं मला मागाहून मांडवात बायांच्या बोलण्यातून कळलं. मग तिने पदर खोचला आणि ती मांडवात तांदूळ निवडायला गेली. तिला वाटलं, येसूबाई पोरींना सांगेल. येसूबाईला वाटलं, आई आहे, तिने सांगितलंच असेल. मकसूदभाई माल आणायला पनवेलला गेले होते, त्यांच्या कानावर काही गेलंच नाही. पोरींना कुणीच काही सांगितलं नाही.

माझी वाळू ओतून टाकली. गावचं तोंड मोकळं झालं. मला मांडवामागे नेऊन पाण्याने भरलं. संध्याकाळी येसूबाईने काय धवले म्हटले! अगदी मिठागराच्या दिवसांतला आवाज लावला. नवऱ्याला हळद लावताना प्रज्योतच्या आईने तिला मिठी मारली, दोघी रडल्या. मला मनापासून आनंद झाला. खोटं कशाला सांगू, झाला. वाटलं, चला, दोन घरं एक झाली आणि त्यात आपल्या पाण्याचा वाटा आहे.

दुसऱ्या दिवशी लग्न संध्याकाळचं. सकाळी कल्पिताचा चाचणी परीक्षेचा पेपर होता. हाताची हळद निघाली नव्हती. ती मांडवात आली, आईला म्हणाली, "पेपर देऊन लगेच येते, माझी साडी काढून ठेव." जागृतीचे हात पिठात होते. "सांभाळून जा," एवढंच ती म्हणाली, जसं रोज म्हणायची तसं.

मी हाक मारू शकलो असतो तर! मित्रांनो, ड्रमला तोंड असतं पण आवाज नसतो. कुणी बडवल्याशिवाय नसतो.

काय झालं ते मला झोयाच्या तोंडून कळलं. ती धावत मांडवात आली, एका पायात चप्पल नव्हती. "जागृतीकाकी, कल्पिता... कल्पिता रेघेच्या आतच होती," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आम्ही आतच होतो काकी, रेघेच्या आतच होतो."

नाक्यावर ट्रेलरची रांग होती. बाहेरगावच्या एका ड्रायव्हरने बघितलं, गावचं तोंड मोकळं आहे. तो डावीकडे वळून आत घुसला. चुन्याची रेघ तशीच होती. पोरींनी रेघेवर विश्वास ठेवला. ड्रम नसताना रेघ म्हणजे नुसता चुना, हे त्यांना कोण सांगणार?

"पानी आना, पानी!" बाया ओरडत होत्या. कुणीतरी बादली माझ्यात बुडवली आणि रस्त्याकडे धावली. माझं पाणी तिच्यापर्यंत गेलं. मी मात्र मांडवामागे उभा होतो, जिथे मी असायला नको होतो.

ॲम्ब्युलन्स सरळ आत आली. तिला काही अडलं नाही. आम्ही जागेवर असतो तरी ती आलीच असती. मकसूदभाईंनी फट मोजून ठेवली होती. पण तिला आता घाई नव्हती.

लग्न वाजंत्रीशिवाय लागलं, घरातल्या घरात. त्याच्याही आधी, दुपारीच, प्रज्योत मांडवामागे आला. अंगावर हळद तशीच. त्याने माझ्यातलं उरलेलं पाणी ओतलं, मला खांद्यावर घेतलं आणि चालत रस्त्यापर्यंत आणलं. मग दुसरा ड्रम, मग तिसरा. कुणाला हात लावू दिला नाही. वाळू हाताने भरली. हळद आणि वाळू एक झाली, बोटं सोलली, तरी थांबला नाही. 

संध्याकाळी धर्मा आला. तो गुजरातेत भाडं घेऊन गेला होता, निरोप मिळाल्यावर ट्रेलर घेऊन तसाच धावला होता. गावच्या तोंडाशी मी होतो. त्याला ट्रेलर थांबवावा लागला. तो खाली उतरला, माझ्याकडे बघत राहिला.

"कवा लावले रं हे?" त्याने विचारलं.

"आत्ता," प्रज्योत म्हणाला.

धर्मा माझ्याशेजारी खाली बसला. त्याने माझ्यावर डोकं टेकवलं आणि तो असा रडला की माझा पत्रा हादरला. प्रज्योत उभा होता. मग तोही बसला. दोघांना एकमेकांकडे बघवत नव्हतं.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ना, तसं पुढे सगळं झालं. पुन्हा ग्रामसभा भरली आणि एकाही माणसाने विरोध केला नाही. 'तात्पुरतं' हा शब्द कुणी उच्चारला नाही. आमच्या पोटात सिमेंट ओतलं. आता आम्हाला दहा माणसंही हलवू शकत नाहीत. चुन्याच्या जागी पक्का रंग आला, तोंडाशी मोठी पाटी लागली. प्रज्योतने स्वतः रंग आणून दिला. इतकी सुंदर वाट झाली आहे की बाहेरगावचे लोक बघायला येतात.

येसूबाई आता कुठल्याच मांडवात जात नाही. बोलावणं आलं की म्हणते, घसा बसलाय. जागृती बोलते सगळ्यांशी, सासूशीही बोलते, पण तिच्या तोंडून हळदीचं नाव निघत नाही. मकसूदभाईंनी कल्पिताची मोडलेली सायकल सरळ केली, रंगवली, नवी घंटी लावली. जागृतीने ती नेली नाही. तशीच दुकानात टांगलेली आहे. आणि झोया व्हॅनने शाळेत जाते. सगळीच पोरं व्हॅनने जातात. काही घरांत व्हॅनचे पैसे नव्हते, त्या घरांतल्या दोन मुलींची शाळा सुटली.

मित्रांनो, शाळेच्या निबंधात आत्मकथा सांगणारी जुनी वस्तू शेवटी तुम्हाला सांगते की मला जपा. मी नाही सांगणार तसं. मला गंज चढू दे, कुत्र्याने माझ्यावर पाय वर केला तरी चालेल. तुम्ही एवढंच करा. तुमच्या वाटेवर तुमच्यासाठी कुणी काही उभं केलं असेल, ड्रम असो, दगड असो, साधी दोरी असो, ते कुणाला हलवू देऊ नका. मागणारा आपला असला तरी नाही, गोड बोलला तरी नाही, मांडवाचं आमंत्रण घेऊन आला तरी नाही. मोठ्या माणसांना नाही म्हणायला फार जड जातं. म्हणून तुम्ही म्हणा. ओरडा, पाय आपटा, आडवे पडा, पण म्हणा.

आणि एक मागणं आहे. रोज सकाळी शाळेच्या वेळेला मी वाट बघतो. व्हॅन जाते, रिक्षा जाते, ॲम्ब्युलन्स जाऊ शकते, ट्रेलर जाऊ शकत नाही. मी पक्का उभा आहे. माझ्या आतल्या अंगाला तुमची वाट आहे, कोरी, रिकामी, पानगळ साचलेली. तुमच्या आयांना सांगा की ड्रम जागेवर आहे. सायकल काढा आणि या ना रे पोरांनो. एकजण तरी या.